पाळकसाहेबांच्या आदराची व्यवस्था

मलकापूरच्या प्रकाश मंडळीत पाळकाचा जितका आदर व्हायला हवा तितका होत नाही, ही गंभीर बाब पंचकमिटीच्या लक्षात आली ती एका रविवारी, आणि तीही बाहेरच्या माणसाने दाखवून दिली म्हणून. हे बाहेरचे गृहस्थ म्हणजे बऱ्हाणपूरकडून आलेले एक पाहुणे उपदेशक. मंडळीने आपल्या पाळकाला कसं जपावं, त्याचं ओझं कसं वाटून घ्यावं, यावर ते तासभर बोलले. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. पुरुषांनी घसे खाकरले. उपासना संपल्यावर पाहुणे हात धुवायला चर्चच्या मागे गेले, तेव्हा मंडळीचे पाळक रेव्हरंड शांतवन अवसरमोल समोरच्या कापसाच्या जिनिंगच्या बोअरवरून पाण्याचे दोन कॅन घेऊन लंगडत येताना त्यांना दिसले. ते पाणी पाहुण्यांच्याच हातांसाठी होतं, पण हा मुद्दा पुढे कोणाला आठवला नाही.

पाहुण्यांनी विचारलं, यांना पाणी आणून द्यायला मंडळीत कोणी नाही का? प्रश्न माणिकराव तायड्यांना विचारला गेला, कारण ते पंचकमिटीचे सेक्रेटरी. माणिकरावांचं सगळं आयुष्य सरकारी कचेरीत गेलं होतं. प्रश्नाला उत्तर देण्यापेक्षा त्यावर समिती नेमणं जास्त सभ्यपणाचं असतं, हे ते तिथे शिकले होते. त्याच आठवड्यात पाळक आदर व आधार समिती स्थापन झाली. अध्यक्ष माणिकराव. उपाध्यक्ष सिंधूताई, त्या महिला संघाच्या प्रमुख आणि एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. बाकीचे सदस्य अनुमोदन देण्यासाठी घेतले होते, आणि ते त्यांनी शेवटपर्यंत निष्ठेने दिलं.

पहिल्याच बैठकीत मूलभूत प्रश्न उभा राहिला. आदर आधी करायचा की आधार? माणिकरावांनी तो अनुभवाच्या बळावर सोडवला. आदर ही मनाची गोष्ट असल्यामुळे तो आजपासून सुरू करता येतो. आधाराला तरतूद लागते. शिवाय पुरेसा आदर न करता एखाद्याला आधार देणं म्हणजे त्याला भिकारी समजणंच झालं. तेव्हा आदराचा टप्पा पूर्ण झाल्यावरच आधाराला हात घालावा. हे ऐकून सगळ्यांच्या मनावरचं दडपण उतरलं. इतका खर्चाचा वाटणारा विषय इतक्या स्वस्तात सुटेल असं कोणाला वाटलं नव्हतं.

पहिला ठराव पाण्याचा झाला. यापुढे पाळकसाहेबांनी पाणी वाहू नये. ठराव कळवायला माणिकराव स्वतः पाळकनिवासात गेले. शांतवन अवसरमोलांना खरोखर बरं वाटलं. त्यांचा गुडघा वर्षभरापासून दुखत होता आणि पाळकनिवासाच्या नळाला त्याहून जुनी कोरड होती. त्यांनी साधेपणाने विचारलं की मग पाणी कधीपासून येईल.

“पाण्याचा विषय आधारात येतो, साहेब,” माणिकराव म्हणाले. “सध्या आदर सुरू आहे.”

दुसऱ्या दिवसापासून पाळकीणबाई मार्थाबाई कॅन घेऊन बोअरवर जाऊ लागल्या. हे तर फारच वाईट दिसत होतं. सिंधूताईंनी तातडीची बैठक बोलावली. पाळकाची पत्नी ही पाळकाच्या आदरात समाविष्ट असल्याने तिलाही मनाई झाली. मग पाणी आणायला लागला शेजारचा गॅरेजवाला संघर्ष. संघर्ष बौद्ध. चर्चशी त्याचा संबंध एवढाच, की रविवारी आत गाणी सुरू झाली की तो आपला कॉम्प्रेसर बंद ठेवायचा. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. बोअरवर पाणी घ्यायला तो रोज जायचाच, तेव्हा जाता-येता दोन कॅन जास्तीचे आणून पाळकनिवासाच्या ओट्यावर ठेवायचा आणि ओरडायचा, “काका, पाणी ठेवलं.”

समितीची पाण्याला हरकत नव्हती. हरकत काकाला होती. पाळकाला कोणीही काका म्हणून हाक मारणं आदराच्या टप्प्यात बसत नव्हतं. माणिकराव गॅरेजवर गेले आणि त्यांनी संघर्षला समजावून सांगितलं की त्यांना पाळकसाहेब म्हणत जा. संघर्षने पाना खाली ठेवला. तो म्हणाला, “मी तं त्यायले पहिल्यापासून काका म्हन्तो. साहेब म्हटलं तं पाणी कमी लागन का?” पण मोठ्या माणसाशी वाद नको म्हणून त्या दिवसापासून तो कॅन मुकाट्याने ठेवून जाऊ लागला. मार्थाबाईंना पाणी आल्याचं कळायचं नाही आणि ओट्यावरचा कॅन गाई उलथवून टाकायच्या.

यानंतर विषय आला लुनाचा.

शांतवन अवसरमोलांकडे एक जुनी लुना होती. तिच्यावर बसून ते रोज संध्याकाळी मंडळीतल्या घरी जात. कोणी आजारी असे, कुठे नवरा-बायकोचं वाजलेलं असे, कोणाचा पोरगा परीक्षेत नापास होऊन जेवत नसे. ते जात, बसत, चहा पीत, थोडी प्रार्थना करत आणि येताना हँडलला मेथीची जुडी अडकवून घरी येत. मंडळीचा आध्यात्मिक पुढारी मेथी लटकवून भर बाजारातून जातो, हे दृश्य सर्वांत आधी सिंधूताईंना खटकलं.

त्याला कारण होतं. सिंधूताईंची आई रुखमाबाई नळगंगा नदीपलीकडच्या वस्तीत एकटी राहायची. म्हातारी आयुष्यभर कापूस वेचून आणि जिनिंगमध्ये काम करून जगली, त्याच पैशांत तिने लेकीला शिकवलं. लेक मुख्याध्यापिका झाली. म्हातारी लेकीच्या घरी राहायला आली तेव्हा ती पाहुण्यांसमोर जमिनीवर बसायची, मोठ्याने बोलायची आणि तंबाखू मळायची. एक दिवस सिंधूताई चारचौघांत तिला काहीतरी बोलल्या, आणि म्हातारी पिशवी उचलून वस्तीतल्या खोलीत परत गेली. त्यानंतर दोघींचं बोलणं नव्हतं. अवसरमोल दर आठवड्याला लुना घेऊन म्हातारीकडे जात आणि परत येताना सिंधूताईंच्या दारात थांबत. रागवत नसत, उपदेशही करत नसत. आई काय जेवली, खोकला कसा आहे, एवढंच सांगत आणि निघून जात. उपदेश केला असता तर सिंधूताईंना उत्तर देता आलं असतं. नुसत्या खोकल्याला काय उत्तर देणार?

तेव्हा समितीत सिंधूताईंनी विषय मांडला, पाळकसाहेबांनी दुचाकीवरून हिंडणं शोभत नाही. आश्चर्य म्हणजे बाकीच्या सदस्यांचीही अगदी हीच भावना निघाली. कारण पाळकसाहेब न कळवता येत, आणि त्या वेळी घरात कोणी प्यायलेलं असे, कोणी बायकोवर हात उगारलेला असे. अशा वेळी पाळकाने दारात येऊन उभं राहणं हा पाळकाचाच अवमान नाही का? चर्चेअंती ठरलं, की पाळकसाहेबांनी यापुढे केवळ निमंत्रण असेल तरच आणि केवळ चारचाकीतून जावं. समितीत चारचाकी एकट्या माणिकरावांची होती. ती घरापुढे आवरणाखाली उभी असायची आणि आवरण उन्हाने खराब होऊ नये म्हणून त्यावर एक जुनी चादर असायची. माणिकरावांनी ती गाडी पाळकसेवेसाठी आनंदाने देऊ केली. फक्त सोय बघावी लागेल, एवढंच म्हणाले. लुना चर्चमागच्या कोठीत ठेवून कुलूप लावलं, कारण दिसली की पाळकसाहेबांना मोह होईल. किल्ली माणिकरावांकडे राहिली.

निमंत्रण कोणी दिलं नाही. मंडळीत शांतता नांदू लागली. भांडणं पूर्वीइतकीच होत होती, पण आता ती मध्येच न थांबता पूर्णत्वास जात होती. उपासना संपल्यावर पाळक दारात उभे राहून प्रत्येकाचा हात हातात घेत, तेव्हा कोणी ना कोणी हळूच काहीतरी सांगून जाई. त्यावरही उपाय झाला. समितीने व्यासपीठावर उंच पाठीची, मखमली गादीची खुर्ची आणून ठेवली. उपासना संपली की पाळकसाहेबांनी खुर्चीत बसायचं आणि मंडळी बाहेर पडेपर्यंत उठायचं नाही. खुर्ची इतकी उंच होती की तिथून दारातल्या माणसांची फक्त डोकी दिसत.

लुना गेली, पाणी गेलं, लोक गेले. शांतवन अवसरमोलांकडे आता उपदेशाची तयारी करायला भरपूर वेळ उरला. त्यांनी एका रविवारी आईबापाचा मान राखण्याच्या आज्ञेवर संदेश दिला. कोणाचं नाव घेतलं नाही. फक्त एवढं सांगितलं, की एक म्हातारी मी पाहिली आहे, जेवायला बसताना ती दोन ताटल्या मांडते आणि दुसरी तशीच धुऊन ठेवते. सिंधूताई सरळ समोर पाहत होत्या.

समितीत त्या म्हणाल्या की ताटल्या-वाट्या असले घरगुती विषय व्यासपीठावरून काढल्याने पाळकसाहेबांचीच उंची कमी होते. माणिकरावांना हे पटलं. इतक्या उंच खुर्चीत बसवायचं आणि बोलायचं मात्र स्वयंपाकघराविषयी, यात विसंगती होती. ठरलं की संदेश स्वर्ग, देवदूत आणि आशीर्वाद यांपुरते असावेत. कोणाला लागेल असं काही त्यात येऊ नये, कारण ज्याला लागतं त्याचा पाळकाविषयीचा आदर घटतो आणि समितीचं काम वाढतं.

उन्हाळा सुरू झाला. एका दुपारी वस्तीतून पाळकनिवासात फोन आला. रुखमाबाईंचा श्वास लागला आहे, त्या पास्टरला बोलवा म्हणत आहेत. अवसरमोलांनी लगेच माणिकरावांना फोन लावला. माणिकराव जेवून पडले होते. त्यांनी फार आस्थेने चौकशी केली. मग सांगितलं की गाडीवरचं आवरण काढायला वेळ लागेल, आणि या उन्हात टायर धोक्याचे असतात, तेव्हा ऊन उतरलं की बघू. अवसरमोलांनी कोठीची किल्ली मागितली.

“लुना नको, साहेब,” माणिकराव म्हणाले. “लोक जमलेले असतील. अशा वेळी तर तुमचा मान जास्त सांभाळायला पाहिजे.”

शांतवन अवसरमोल पांढरा झगा हातावर टाकून, गुडघा ओढत शेजारच्या गॅरेजवर गेले. संघर्ष कोणाच्या तरी ट्रॅक्टरखाली आडवा होऊन काम करत होता. त्याने नुसतं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, हात न पुसता उठला आणि आपली मोटारसायकल काढली. ऊन रस्त्यावर चटचटत होतं. जाता जाता अवसरमोलांनी त्याला सिंधूताईंच्या घरापुढे थांबायला सांगितलं.

सिंधूताई दारात आल्या. गॅरेजवाल्याच्या मागे बसलेले पाळकसाहेब पाहून त्यांनी आधी रस्त्याकडे नजर टाकली, कोणी बघतंय का. अवसरमोलांनी सांगितलं की आईची वेळ आली आहे, मागे बसा, लगेच निघू.

“तिघं एका गाडीवर? बाजारातून?” सिंधूताई म्हणाल्या. “पाळकसाहेब, मंडळीची काही शोभा आहे की नाही? मी माणिकरावांच्या गाडीतून येते. तुम्ही व्हा पुढे.”

“सिंधूताई, ती संध्याकाळपर्यंत थांबणार नाही.”

“तुम्ही प्रार्थना करा ना. तुमचं ऐकलं जातं.”

रुखमाबाई खाटेवर उशाला गाठोडं घेऊन पडली होती. शेजारच्या बाया बाजूला झाल्या. तिने अवसरमोलांना ओळखलं आणि हात पुढे केला. हात कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीसारखा होता.

“तू काऊन येत नव्हता बा?” तिने विचारलं. “मी काही वावगं बोलली का?”

“नाही माय. तू काही नाही बोलली.”

“मंग?”

अवसरमोलांनी तिचा हात दोन्ही हातांत घेतला. मग म्हणाले, “मले मान देऊन राह्यले होते, माय.” म्हातारीला ते कळलं नाही. तिने मान हलवली, माणूस आजारी होता असं कोणी सांगितल्यावर हलवतात तशी. मग दाराकडे पाहून तिने विचारलं, “पोरगी?”

“येऊन राह्यली,” पाळक म्हणाले.

म्हातारी दाराकडे बघत राहिली. दारात संघर्ष उभा होता, तो बाजूला सरकला, म्हणजे तिला रस्ता दिसावा. ऊन उतरायच्या आत ती गेली.

माणिकरावांची गाडी दुसऱ्या दिवशी दफनविधीला आली. धुतलेली होती. सिंधूताई कबरीशी इतक्या रडल्या की महिला संघाच्या दोघींना त्यांना धरावं लागलं. मुलीने असं रडावं, असं सगळेच म्हणाले.

आठवडा उलटल्यावर समितीची बैठक बसली. तक्रार सिंधूताईंचीच होती. दिवसाढवळ्या, भर रस्त्यातून, मंडळीचे पाळक एका गॅरेजवाल्याच्या मागे बसून गेले. झग्याला ऑइलचा डाग पडला, तो दफनविधीतही दिसत होता. पाळकाचा इतका उघड अवमान मंडळीच्या इतिहासात झाला नव्हता. प्रश्न होता, तो केला कोणी? संघर्ष मंडळीचा सभासद नव्हता, त्यामुळे त्याच्यावर कारवाई शक्य नव्हती. मोटारसायकलवर तर नव्हतीच. माणिकरावांनी चष्मा काढून पुसला आणि निष्कर्ष वाचून दाखवावा तसा सांगितला. पाळकसाहेबांचा अवमान शांतवन अवसरमोल यांनी केलेला आहे. या दुःखद प्रसंगी समिती पाळकसाहेबांच्या बाजूने ठाम उभी आहे आणि अवसरमोलांना पाठीशी घालणार नाही.

सदस्यांनी अनुमोदन दिलं. अवसरमोलांनी येत्या रविवारी मंडळीसमोर पाळकसाहेबांची जाहीर माफी मागावी, असं ठरलं. माफी मागणारा आणि ज्याची मागायची तो एकच माणूस असल्याने एक अडचण निघाली, पण तीही सुटली. त्या दिवशी खुर्ची रिकामी ठेवायची आणि अवसरमोलांनी खाली उभं राहून खुर्चीची माफी मागायची.

बोलावलं होतं म्हणून पती-पत्नी दोघंही बैठकीला आले होते. मार्थाबाई आजवर समितीत एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्या उठल्या आणि म्हणाल्या, “त्या खुर्चीचा गुडघा दुखत नाही. तिले तहान लागत नाही. तुम्ही तिलेच पाळक करा ना.” आणि बाहेर जाऊन ओट्यावर बसल्या.

अवसरमोल मात्र उभे राहिले. ते माणिकरावांकडे बघत नव्हते.

“सिंधूताई,” ते म्हणाले, “तुमच्या आईनं शेवटी तुमचं विचारलं. मी तिले सांगितलं, पोरगी येऊन राह्यली. ते खोटं होतं. माफी मागायची तं मी त्याची मागतो. तिची मागायची होती, पण ती आता नाही.”

सिंधूताईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. काही तरी बोलायला त्यांचं तोंड उघडलंही होतं. पण माणिकरावांनी हळूच टेबलावर बोट वाजवलं आणि हा विषय आजच्या बैठकीपुढे नाही, असं नमूद केलं. सिंधूताईंनी तोंड मिटलं. त्यांना माणिकरावांचे फार उपकार झाल्यासारखं वाटलं असावं, कारण आभारप्रदर्शन त्यांनी केलं.

रविवारी खुर्ची सजवून ठेवली होती. अवसरमोल आले नाहीत. शनिवारीच संघर्षने एक छोटा टेम्पो आणला होता, त्यात दोन पेट्या, एक खाट आणि भांडी भरून पती-पत्नी लोणारकडे निघून गेले होते. तिकडच्या एका गावात चार-सहा घरं एका ओसरीत प्रार्थनेला जमतात, त्यांना पाळक नव्हता. संघर्ष त्यांना सोडायला गेला, म्हणून त्या दिवशी गॅरेज बंद होतं. मलकापुरात एवढाच फरक जाणवला.

मंडळीने मात्र आपल्या कर्तव्यात कसूर केली नाही. अवसरमोलांचा झग्यातला एक फोटो मोठा करून, सोनेरी चौकटीत बसवून व्यासपीठामागच्या भिंतीवर लावण्यात आला. त्याला चंदनाचा हार घातला. एका वृद्ध सभासदाने दबकत विचारलं, की हार तर गेलेल्या माणसाच्या फोटोला घालतात, हे तर जिवंत आहेत. माणिकराव म्हणाले की आदर करताना असल्या चौकशा करत नाहीत. अनावरणाला बऱ्हाणपूरचे तेच पाहुणे आले. फोटो पाहून त्यांचे डोळे भरून आले. आपल्या पाळकावर इतकं प्रेम करणारी मंडळी मी पाहिली नाही, असं ते म्हणाले, आणि जेवून गेले.

कार्यक्रमाचा फोटो सिंधूताईंनी मोबाइलवरून सगळीकडे टाकला. खाली लिहिलं, आमचे लाडके पाळक. दिवसभरात शेकडो माणसांनी खाली हात जोडल्याच्या खुणा टाकल्या. मलकापूरच्या, बुलढाण्याच्या, पार पुण्या-मुंबईच्या. ख्रिस्ती होते, हिंदू होते, बौद्ध होते, सर्व धर्मांची माणसं एका गोष्टीवर क्वचितच अशी एकत्र येतात. हे लाडके पाळक आता कुठे राहतात, असं मात्र एकानेही विचारलं नाही. फोटो बघितल्यासारखा वाटतो ना? जरा मोबाइल काढून पाहा, खालच्या हातांमध्ये एक जोडी तुमचीही निघेल.